फेरीने येऊ नकोस

पिंपळनेर,
बुधवार

प्रिय दिपमाला,

डबा घेऊन आलेल्या भटूने निरोप दिला असेलच, की काकूने सांगितलंय, एक दशमी लगेच खाऊन बघ आणि मीठ कमी-जास्त असेल तर कळव. मीठ बरोबर आहे. आयुष्यभर पापड लाटले आणि बायकांकडून लाटून घेतले, मला मीठ कळत नाही होय? तू डबा आजच उघडावास, बोटीवर नव्हे, म्हणून तो निरोप. दशम्यांखाली फडकं, फडक्याखाली हा कागद. स्वयंपाकघराचं दार लोटून घे आणि शांतपणे वाच. वाचून झाला की गॅसवर धर. मग मला फोन करून इतकंच म्हण, आई, मीठ बरोबर आहे. म्हणजे कागद तुझ्याच हाती पडला असं मी धरीन. डब्याला घरातलं दुसरं कुणी हात लावणार नाही. तुझ्या सासूबाईंना, अक्कांना, दात नाहीत, दशमी त्यांना चावत नाही. आणि चंदनराव आमच्या घरचं काही खात नाहीत. ते का, तेही पुढे येईलच.

तू म्हणशील, हातात फोन असताना या बाईला चिठ्ठ्याचपाट्या कशाला सुचतायत. अगं, पण तुझा फोन म्हणजे गावची चावडी आहे. उचलला की आधी स्पीकर लागतो, मग तू बोलतेस. मागे मी एकदा सहज विचारलं, तर चंदनराव पलीकडून हसत म्हणाले, आई, आमच्या घरात लपवाछपवी नाही, जे असेल ते सगळ्यांसमोर. बोलणं कसं गोड आहे त्यांचं! इतक्या वर्षांत त्यांनी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. तेव्हापासून मी तुझ्याशी थंडीचं, वांग्यांच्या भावाचं आणि अक्कांच्या गुडघ्यांचं बोलते. अक्कांच्या गुडघ्यांवर मी इतकं बोलले आहे की एव्हाना डॉक्टरकीची पाटी लावायला हरकत नव्हती.

रविवारचा फोनही तसाच. तू किती खुशीत होतीस! टार्गेट पूर्ण केलेल्या ठिबकच्या डीलरांना कंपनी बायकांसकट क्रूझवर नेणार. मुंबईला बोटीत बसायचं, दीवला उतरायचं. बोटीवर पोहायचा तलाव आहे म्हणे, जेवण दिवसभर मांडलेलंच असतं, आणि जळगावच्या बठ्ठ्या डीलरीणबाई गॉगल घेत सुटल्या आहेत. मलाही हसू आलं. दीवला कंपनीची सहल संपते, पुढे ज्याने त्याने आपापलं घरी यायचं, हेही तूच सांगितलंस. वेरावळहून रेल्वेची तिकिटं काढली आहेत, सुरतेला उतरायचं आणि तिथून आपली ताप्ती लाईन. मी म्हटलं, छान, झोपून या. तेवढ्यात चंदनराव मध्ये बोलले. आई, रेल्वे काय रोजचीच आहे, घोघ्याहून फेरीने हजिऱ्याला येऊ, भाड्याची मोटारसुद्धा बोटीत चढते, हिने कुठे बघितलंय ते. तू म्हणालीस, अहो, पण तिकिटं काढलीत ना? आणि ते म्हणाले, बघू.

त्यानंतर मी तुझ्याशी काय बोलले ते मला आठवत नाही. नाना सांगतात की मी फोन खाली ठेवला, पापडाच्या पिठात हात घातला आणि तशीच बसून राहिले, पीठ वाळून कडक झालं तरी हलले नाही. त्यांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

म्हणून आधी कामाचं सांगते, कारणं नंतर. दिपू, तू फेरीने यायचं नाहीस. काहीही होवो, दीवहून तू रेल्वेनेच यायचं. मळमळतंय म्हण, बोट पुरे झाली म्हण, रडायचं तर चारचौघांत बसून रड, पण त्या फेरीच्या फळीवर पाय ठेवू नकोस. मोटार आधीच आत चढवली असेल तर दार उघडून उतर आणि बाहेर उभी राहा. लोक हसतील. हसू देत. मला तुझं हसं झालेलं चालेल. हे एवढं पक्कं केल्याशिवाय पुढचं वाचू नकोस.

आमच्या घरी तू पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो का तुला? लग्नाची हळदही उतरली नव्हती. आपल्याकडची रीत अशी की पहिली गेल्यावर दुसरी आली, की तिने पहिलीच्या माहेरी यायचं, तिच्या आईने तिची ओटी भरायची, आणि त्या दिवसापासून ती त्या घरची लेक. माझ्या सुलक्षणाच्या जागी तू आलीस, म्हणून तुला माझ्या दारात आणलं. मला वाटलं होतं, मला तुझं तोंड बघवणार नाही. तू उंबऱ्यात चप्पल काढलीस आणि ती उलटी पडली म्हणून वाकून सरळ केलीस, बस, तेवढ्यावर माझा राग गेला. सोनाराकडून सुलीचा चांदीचा टाक करून आणला होता, तुझ्या गळ्यात बांधायला. मेल्या सोनाराने तिचं नाक चपटं केलं होतं. मी तुला म्हटलं, हिचं नाक असं नव्हतं गं. आणि तू म्हणालीस, मला फोटो दाखवा ना. पाचोऱ्याच्या मामाकडे वाढलेली, आई-बाप नसलेली पोर तू, त्या दिवशी माझ्या मांडीवर डोकं ठेवून फोटो बघत झोपून गेलीस. तेव्हापासून मी तुझी आई आहे. रीतीने आहे आणि मनानेही आहे, आणि त्याच हक्काने लिहितेय.

तो टाक पुढे चंदनरावांनी तुला उतरवून ठेवायला लावला. जुनाट वाटतं म्हणाले. बाकी माणसं म्हणाली, नव्या जमान्याचा जावई आहे. मला मात्र ते त्या वेळीच खटकलं. ज्या बायकोसाठी तो तिच्या दहाव्याला ढसाढसा रडला, तिचं तोंड त्याला नव्या बायकोच्या गळ्यात का चालू नये?

बघ, लिहिता लिहिता मी चंदनरावांना तो म्हणून गेले. राहू दे तसंच. आता मानपान कशाला.

सुलीबद्दल तू मला पुष्कळदा विचारलंस आणि मी तुला तिच्या खोड्याच सांगत आले. आज बाकीचं सांगते. सुलीला पाण्याची भीती होती. पांझरेच्या काठावर वाढलेली पोर, पण घोट्यावर पाणी आलं की किंचाळायची. लाटीपाड्याचं धरण बघायला सगळे जायचे, ही एसटीच्या थांब्यावर बसून चिंचा खायची. इतर बाबतींत मात्र वाघीण. लग्नाला वर्षांमागून वर्षं गेली, मूल नाही. अक्का येता-जाता ऐकवायच्या, इतला वरीस व्हयनात, पाळना हालना नही. एकदा दिवस राहिले होते, ते दुसऱ्याच महिन्यात गेले. त्यानंतरच्या दिवाळीत चंदन आमच्याकडे आला, नानांच्या पाया पडला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, माझं काही भांडण नाही, पण मला मूल हवंय, तुमची लेक तुम्ही घेऊन जा. नाना म्हणाले, चला, घेऊन येतो. मीही म्हटलं, आणा तिला, दोन वेळचं जड नाही आपल्याला. पण सुली हटली नाही. माझं घर आहे ते, मी का सोडू, असं तिने त्याच्या तोंडावर सांगितलं. तो चिडला नाही. तो म्हणाला, बघू. सुली मला नेहमी सांगायची, आई, यांनी बघू म्हटलं ना, की यांच्या मनात ते ठरून गेलेलं असतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यातच त्यांची सहल निघाली. तीही क्रूझच, मुंबई ते गोवा, डीलर मंडळींबरोबरच. सुली नको म्हणत होती, तर तो म्हणाला, एवढं मोठं जहाज, हलतसुद्धा नाही, आणि परतीला मडगावहून रेल्वे आहे, थेट जळगाव, बस आणि झोप. त्या रेल्वेच्या भरवशावर ती गेली. बोटीवर ती खोलीतच बसून राहिली, पडदा ओढून. गोव्याला उतरल्यावर तिने मला फोन केला. तो बाहेर चहा घ्यायला गेला होता. आवाज इतका बारीक की आधी मला वाटलं काही दुखतंय. म्हणाली, माय वं, मला परत दिवस राहिलेत. मी तर उडालेच. ती म्हणाली, यांना इतक्यात सांगणार नाही, मागच्या खेपेला आधी बोललो आणि दृष्ट लागली, तीन महिने भरू दे. आणि मग म्हणाली, यांनी रेल्वे रद्द केली आहे. भाड्याची मोटार केली, किनाऱ्याकिनाऱ्याने जायचंय. वाटेत खाडी लागते, तिथे मोटारी फेरीबोटीवर चढवतात, ते यांना मला दाखवायचंय. मी म्हटलं, कठड्याकडे जाऊ नकोस बाई. ती म्हणाली, मी मोटारीतून उतरणारच नाही, काचा लावून डोळे मिटून बसेन. हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

त्या खाडीचं नाव मी घेत नाही, मला ते ओठांवर आणवत नाही. आठवड्यातला मधलाच वार, बोटीत दुसरा एक टेंपो, त्याचा ड्रायव्हर आत झोपलेला. बोट पलीकडे लागत आली तेव्हा चंदनने आरडाओरडा केला. सुली नव्हती. कोळ्यांनी शोधलं, पोलिसांनी शोधलं, ओहोटीचं पाणी होतं, ती सापडली नाही. आम्ही पिठाची बाहुली केली, तिला सुलीची हिरवी साडी गुंडाळली आणि तिला अग्नी दिला. आपल्या पोरीची म्हणून पिठाच्या बाहुलीला काडी लावायची, दिपू. मी ते केलं. वैऱ्यावर येऊ नये.

आणि चंदनने काय सांगितलं ते ऐक. तो म्हणाला, आपल्याकडच्या बायकांना सवयच आहे, पूल आला की नदीला हात जोडतात, पैसा टाकतात, सुलक्षणाने धक्क्यावर नारळ विकत घ्यायला लावला, म्हणाली खाडीला नारळ देते, आपल्याला सुखरूप पार ने म्हणून सांगते. ती कठड्याशी गेली, वाकली, आणि पाय सरकला. पोलिसांना हेच, अक्कांना हेच, दहाव्याला आलेल्या प्रत्येकाला हेच. शब्दसुद्धा तेच. सगळ्यांना पटलं. कुणाला पटणार नाही? खानदेशातली कुठली बाई तापी ओलांडताना हात जोडत नाही? आपल्या माणसांना पटेल अशीच गोष्ट त्याने सांगितली.

मला नाही पटली. आमच्याकडे दिवस गेलेली बाई नारळ पाण्यात सोडत नाही. नारळ फोडत नाही, कुणाला देत नाही, ओटीत आलेला नारळ पदराआड धरून घरी आणते आणि देवाजवळ ठेवते. जे पोटात धरायचं ते हातानं सोडायचं नाही, असं माझ्या सासूने मला शिकवलं आणि मी सुलीला शिकवलं. पहिलं मूल गेल्यावर तर ती त्याला किती घाबरून होती! चैत्रात हळदीकुंकवाला मिळालेला नारळ तिने सासूला फोडू दिला नव्हता, दिवस राहतील आणि मी फोडलेला असेल म्हणून. ती पोर पोटात जीव असताना, पाण्याला घाबरत असताना, मोटारीतून उतरून, कठड्याशी जाऊन नारळ सोडेल? दुसरं काहीही सांगितलं असतं तरी मी कदाचित गप्प बसले असते. उलटी आली म्हणून उतरली असं म्हटलं असतं तर मी म्हटलं असतं, हो, आली असेल. पण त्याला दिवसांचं माहीतच नव्हतं. म्हणून त्याने नारळ निवडला.

मी गप्प राहिले नाही, हे तुला कळलं पाहिजे. दहाव्यालाच मी सगळ्या भाऊबंदांसमोर बोलले. तिथेच त्याला पहिल्यांदा कळलं की तिला दिवस होते. मी त्याच्याकडे बघत होते. त्याचा चेहरा पडला, पण बायको गेल्यावर पडतो तसा नाही. दाराबाहेर ठेवलेली वस्तू आपलीच होती असं नंतर कळावं, तसा. तो मटकन खाली बसला आणि तेव्हा तो खरा रडला. लोकांना वाटलं, बिचारा. मी कोकणात जाऊन पोलिसांना सांगितलं. तिथला साहेब भला माणूस होता, त्याने चहा पाजला आणि म्हणाला, मावशी, नारळावरून गुन्हा दाखल करता येत नाही. अक्का म्हणाल्या, सुनेने सासरी न सांगता दिवस लपवले असं कुठे असतं का, ही बाई बनवून सांगते. नाना माझ्या बाजूने होते, पण तेही शेवटी थकले. म्हणाले, जाऊ दे वं, बठ्ठा गाव म्हनी, पोरना दुखमा मायनं डोकं फिरनं. आणि गाव तसंच म्हणालं, पोरीच्या दुःखात आईचं डोकं फिरलं. त्या दिवसापासून चंदन आमच्याकडे येतो, पाया पडतो, दिवाळीला माझ्यासाठी लुगडं आणतो, आणि पाण्याच्या घोटालाही शिवत नाही. मी त्याच्या ताटात काय वाढीन याची त्याला भीती वाटते. निर्दोष माणसाला सासूच्या भाकरीची भीती कशाला वाटेल, तूच सांग.

तुझं लग्न ठरलं तेव्हा मी पाचोऱ्याला तुझ्या मामाच्या दुकानात जाऊन आले. हे तुला त्याने सांगितलं नसणार. मी त्याला म्हटलं, रतिलालभाऊ, ही पोर तिथे देऊ नका. त्याने हात जोडले. म्हणाला, ताई, बिनआईबापाच्या पोरीला असं स्थळ परत येत नाही, आणि तुमचं दुःख मला समजतं. दुःख समजतं म्हणे! माणूस खरं बोलायला लागला की लोक त्याचं दुःख समजून घेतात. लग्न मोडता आलं नाही, तेव्हा मी ठरवलं की पोर तरी आपल्या नजरेत ठेवायची. रीत होती, ती मी धरली. तुला साडी नेसवली, सणावाराला बोलावलं, अक्कांचे गुडघे सोसले. मागच्या संक्रांतीला तू हसत हसत म्हणालीस, आई, सासूबाई पुन्हा पाळण्याचं काढायला लागल्या. तू हसलीस, माझ्या अंगावर काटा आला. आणि आता क्रूझ, रेल्वेची काढलेली तिकिटं, आणि ऐन वेळी फेरी. तोच माणूस, तेच बोलणं, तोच बघू.

मी चुकत असेन का? रविवारपासून हेच घोळतंय डोक्यात. असेनही. फेरी बिचारी चांगली असेल, हजारो माणसं रोज जात असतील, पोरंबाळं खिडकीशी बसून वेफर्स खात असतील. चंदनला खरंच तुला समुद्र दाखवायचा असेल. मी देवाला म्हणते, मला वेडी ठरव, गावात माझी धिंड निघाली तरी चालेल. पण माझं चुकलं तर तुझी एक फेरी हुकेल, आणि माझं बरोबर असलं आणि तू गेलीस तर मला पुन्हा पीठ मळावं लागेल. ते माझ्याच्याने आता होणार नाही.

आता जे सांगण्यासाठी हे सगळं लिहिलं ते. साक्रीच्या लग्नात पंगतीमागे तू माझ्या कानात बोललीस आणि लाजून पळून गेलीस. मी आनंदाने इतकी बावरले की तोंडातून सवयीने तेच निघालं, तीन महिने कुणाला बोलू नकोस, चंदनलाही नको. ते शब्द मी परत घेते. सांग, दिपू. आजच सांग. आधी अक्कांना सांग, म्हणजे संध्याकाळपर्यंत गल्लीत वेगळं सांगावं लागणार नाही. त्यांनी तुला घरीच ठेवून घेतलं तर फारच उत्तम. नाहीच, बोटीवर जावंच लागलं, तर तिथे सगळ्या डीलरांच्या बायका जेवायला बसल्या की मोठ्याने सांग, आणि चंदन समोर असताना सांग. दृष्ट लागेल, लागू दे, दृष्टीला मी बघून घेईन. त्याला तू नको असशील, पण तुझ्या पोटातलं त्याला हवं आहे, ते मी त्याच्या तोंडावर वाचलेलं आहे. एकदा कळलं की फेरीचं नाव तो स्वतःच काढणार नाही, तुला रेल्वेत खालचा बर्थ मिळावा म्हणून धावपळ करेल. कर म्हणावं. तू मुकाट्याने त्या बर्थवर पड. त्या दिवशी नंदुरबारला मी आणि नाना तुझ्या डब्यात चढणार आहोत, आणि तुला जळगावपर्यंत जाऊच देणार नाही, तिथेच उतरवून पिंपळनेरला आणणार आहोत. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि तुझं माहेर हेच आहे, त्याच्याच भाऊबंदांनी ओटी भरताना तसं बोलून दिलंय. लेकीला लवकर आणलं म्हणून त्याला तक्रार करता येणार नाही, आणि त्याने केली तर मी ऐकणार नाही. नंतर तू परत कधी जायचं, जायचं की नाही, ते आपण घरात बसून, दार लावून ठरवू. ते आज माझ्याने लिहवत नाही. आज फक्त इतकं कर, की तुला मूल होणार आहे हे त्या माणसाला कळल्याशिवाय त्याच्याबरोबर पाण्यावर एकटी जाऊ नकोस. सुलीने त्याला त्या सकाळी सांगितलं असतं, तर ती आज जिवंत असती.

नंदुरबारच्या फलाटावर उभी राहणारी,
तुझीच,
आई